पाटे काढू नकोस, आधी मोकळे कर

बेटा, जुनी पिकअप घेतलीस ते बरं केलंस. इंजिन चांगलं आहे, चासी सरळ आहे, हौद्याचा पत्रा जाड आहे. कोरीटहून नंदुरबारच्या मार्केट यार्डात ओली मिरची न्यायला आणि शेतातली पपई रस्त्यावर उभ्या मोठ्या ट्रकपर्यंत पोचवायला याहून जास्त काही लागत नाही. फक्त गाडी आपटते. वहिनी परवा पुढे बसून नंदुरबारला जाऊन आल्या आणि दोन दिवस कंबर धरून होत्या. त्यावर तू ठरवलंस की कमानवाल्याकडे जायचं आणि मागचे दोन पाटे काढून टाकायचे. ते करायच्या आधी माझं ऐकून घे. जुनी गाडी आपटते ती पाटे जास्त आहेत म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा जे हलायला हवं ते जाम झालेलं असतं, नाहीतर जे मऊ असायला हवं ते झिजून गेलेलं असतं.

मुळात माल वाहणारी गाडी रिकामी असताना थोडी आपटणारच. तिचे पाटे टनावर वजन तोलायला बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की त्या पाट्यांवर वजनच नसतं, मग ते दबणार कसे? त्याचं गणित सोपं आहे. उभ्या गाडीच्या वजनाने पाटे चार सेंटिमीटर दबले असतील तर मागचा भाग सेकंदाला अडीच वेळा वर-खाली होतो. तेच सोळा सेंटिमीटर दबले तर सव्वा वेळा. सव्वाचा हेलकावा माणसाला बरा वाटतो, अडीचचा मणक्याला लागतो. म्हणून मिरचीची पोती भरून जाताना तीच गाडी शांत चालते आणि रिकामी परतताना दात वाजवते. पाटे काढलेस तर रिकाम्या गाडीत थोडा आराम मिळेल, पण भरलेल्या गाडीत उरलेल्या पाट्यांवर सगळा भार येईल. मोलगीचा आमचूर घेऊन देवगोई घाट उतरताना किंवा धडगावहून चांदसैलीने येताना मेन पाटा तुटला तर एक्सल जागेवर राहत नाही. तिथे कडेला दरी आहे. त्या रस्त्यावर मला तू पाटे काढलेल्या गाडीत नको आहेस.

पैसे न लागणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात कर. ती म्हणजे हवा. आपल्याकडे पंक्चरवाला विचारतो, माल भरता का? आपण हो म्हणतो आणि तो मागच्या टायरांत गच्च हवा मारतो. ती हवा भरलेल्या गाडीसाठी असते आणि आपण तिच्यावर आठवडाभर रिकामे फिरतो. गाडीच्या पुस्तकात किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कंपनीने आकडा दिलेला असतो. काही गाड्यांना रिकाम्याचा आणि भरलेल्याचा असे दोन आकडे असतात. ते दोन्ही वहीत लिहून ठेव. रिकामी गाडी दोन-चार दिवस चालणार असेल तर रिकाम्याच्या आकड्यावर आण. माल भरायच्या आधी मात्र पुन्हा चढव, त्यात आळस नको. कमी हवेवर भरलेली गाडी चालली की टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि फुटते, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर तुला माहीतच आहे.

हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी तपास. तापमान दहा अंशांनी चढलं की टायरातला दाब दोन पौंडांच्या आसपास वाढतो, आणि पळून आलेल्या टायरात त्याहून जास्त. दुपारी तापलेल्या टायरची हवा सोडू नकोस, सकाळी ती कमी भरेल. आकड्यावर विश्वास बसत नसेल तर खडू घे. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढ आणि डांबरी रस्त्यावर सरळ थोडं चालव. रेघ फक्त मधोमध पुसली गेली तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा पुसल्या आणि मध्य राहिला तर कमी आहे. सगळी सारखी पुसली तर बरोबर. ही परीक्षा रिकाम्या गाडीवर वेगळी कर, भरलेल्यावर वेगळी. पण खडू काहीही सांगो, कंपनीच्या आकड्याच्या खाली जाऊ नकोस.

टायर बदलायची वेळ आली की नायलॉन घेऊ नकोस, रेडियल घे. नायलॉनची बाजू ताठ असते, रेडियलची लवचीक. बारीक खड्ड्यांचा निम्मा त्रास तिथेच जिरतो. आणि लागणार आहे त्याहून जास्त प्लायचा टायर केवळ मजबूत म्हणून घेतलास तर तोच ताठपणा पुन्हा विकत आणलास.

आता पाट्यांकडे ये. इथे घाई करू नकोस, सगळं मर्म इथे आहे.

कमानीतले पाटे एकमेकांवर घसरायला हवेत. गाडी दबली की वरचा पाटा खालच्यावर थोडा सरकतो आणि उठली की परत येतो. आपली तापीकाठची काळी माती पावसात चिखल होऊन या फटींत शिरते, पौष-माघात वाळून दगड होते, आणि त्यात गंज धरतो. मग सगळे पाटे मिळून एकच जाड लोखंड होतं. लहान खड्ड्यात ते हलतच नाही, सगळा दणका सरळ चासीत आणि तिथून वहिनींच्या कंबरेत. मोठा खड्डा आला की एकदम कटकन सुटतं आणि गाडी उसळते. लहान खड्ड्यात आपटणं आणि मोठ्या खड्ड्यात उसळणं ही दोन्ही एकाच गाडीत दिसली, की पाटे जाम झाले आहेत असं समज. बाजूने नीट पाहा. पाट्यांच्या टोकांशी जिथे घासल्याची चकाकी असायला हवी तिथे लाल भुकटी दिसेल.

लोक यावर जळकं ऑइल ओततात. दोन दिवस बरं वाटतं. मग त्या ऑइलला धूळ चिकटते आणि आधीपेक्षा घट्ट लगदा बसतो. शिवाय ते ऑइल रबरी बुशांवर गळतं आणि रबर फुगून कुजतं. हे करूच नकोस.

खरं काम एका दिवसाचं आहे. कमान उतरवायची, पाटे सुटे करायचे, तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासायचे, पाट्यांच्या टोकांनी एकमेकांत पाडलेल्या खाचा कानसीने गुळगुळीत करायच्या, मग ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधायचं. ग्रॅफाइटचंच ग्रीस माग. साधं ग्रीस दाबाने बाहेर येतं, पण ग्रॅफाइट कोरडं होऊनही घसरत राहतं. टोकांखाली नायलॉनच्या चकत्या मिळत असतील तर टाकून घे. हे काम घरी करू नकोस. कमान ताणलेली असते. सेंटर बोल्ट सोडला की पाटे उसळून हात तोडू शकतात. कमानवाला शिकंज्यात धरून सोडतो. तू तिथे उभा राहा आणि बघ. आणि काहीही झालं तरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. चासीखाली घोडी हवी, निदान सागाचे जाड ठोकळे.

पाटे सुटे झाले की प्रत्येकाची जाडी मोजून घे. हे मी मुद्दाम सांगतो. तुझ्या गाडीची पाटी आपल्या एमएच ३९ ची नाही, एमएच १८ ची आहे, म्हणजे धुळ्याकडून आली. आधीच्या मालकाने तिच्यातून काय वाहिलं ते त्याला फोन करून विचार. खडी, विटा किंवा वाळू वाहिली असेल तर त्याने पाटा वाढवून घेतलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो बहुधा जाड असतो. कडकपणा पाट्यांच्या संख्येने जितका वाढतो त्यापेक्षा कितीतरी जास्त जाडीने वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा घातला की त्या पाट्याचा कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून कंपनीचे किती पाटे होते आणि किती जाडीचे होते ते पार्टच्या दुकानातून विचारून घे. बाहेरून घातलेला जाड पाटा सापडला तर तो काढ, जरूर काढ. पाटे काढू नकोस म्हणतो ते कंपनीच्या पाट्यांबद्दल. त्या मापावर गाडी आणलीस की तू ज्यासाठी दोन पाटे काढणार होतास ते बऱ्याच अंशी मिळून जाईल आणि ताकदही जाणार नाही.

याच्या उलट एक गोष्ट आहे, ती बऱ्याच ड्रायव्हरांच्या ध्यानात येत नाही. पाटे कमजोर होऊन बसले तरीही गाडी आपटते. मुख्य कमानीबरोबर जो हेल्पर असतो तो फक्त माल भरल्यावर टेकायला हवा. कमान बसली की रिकाम्या गाडीतही तो टेकलेलाच राहतो आणि तुला दिवसभर भरलेल्या गाडीचा कडकपणा सोसावा लागतो. काही गाड्यांत कमान बसली की एक्सल रबरी गुटक्याला जाऊन भिडतो, आणि गुटका तुटून गेला असेल तर लोखंडावर लोखंड आदळतं. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी कर आणि वाकून पाहा. हेल्परच्या टोकाशी फट हवी, गुटक्याच्या खालीही जागा हवी. नसेल तर तुझ्या कमानीला कमी पाटे नकोत, उलट सरळ झालेले पाटे बदलून हवे आहेत.

बसलेला पाटा भट्टीत लाल करून ठोकून कमान वाढवून देणारे भेटतील. तापवलेल्या पाट्याला पुन्हा नीट पाणी द्यावं लागतं, नाहीतर त्याचं पाणी उतरतं आणि तो महिन्यात परत बसतो किंवा तुटतो. ज्याच्याकडे पाणी देऊन परत मंद तापवायची सोय आहे त्याच्याकडेच हे कर. नसेल तर नवा पाटा घे. आणि कमान हवी त्याहून जास्त उंच करून घेऊ नकोस. कमान उंचावली की तिची टोकं जवळ येतात, मागची शॅकल उलट्या कोनात जाते, आणि दबताना पाट्याला लांब व्हायला जागाच राहत नाही. नवी कमान बसवूनही गाडी आधीपेक्षा जास्त आपटते, असं रडगाणं घेऊन येणाऱ्यांच्या शॅकल मी आधी पाहतो.

शॅकलच्या पिना आणि कमानीच्या डोळ्यांतले बुश यांच्यावर माझा विशेष जीव आहे, कारण ते स्वस्त आहेत आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ज्या पिनेला ग्रीसचं निप्पल आहे तिला ग्रीस दे. जुन्या निप्पलात चिखल बसलेला असतो, गन दाबली तरी ग्रीस आत जात नाही आणि आपल्याला वाटतं गेलं. दुसऱ्या बाजूने जुनं काळं ग्रीस बाहेर येताना दिसलं तरच ते गेलं. आलं नाही तर निप्पल बदल, ते अगदी थोड्या पैशांत येतं. पिनेला निप्पल नसेल तर आत रबरी बुश आहे, आणि रबराला ग्रीस लावायचं नाही. दोन्हींत फरक कर. रबर फाटलं असेल, एका बाजूला सरकलं असेल, पिन हातानेच खालीवर हलत असेल तर बुश बदल. दुकानदार पिवळे किंवा लाल कडक प्लास्टिकचे बुश दाखवेल आणि आयुष्यभर टिकतील म्हणेल. टिकतात खरे, पण हादरा जसाच्या तसा वर पाठवतात. तू रबराचेच घे.

आणि बुश बसवताना हे लक्षात ठेव. रबरी बुशाचा बोल्ट गाडी हवेत टांगलेली असताना शेवटचा आवळायचा नाही. तेव्हा कमान लोंबत असते. त्या अवस्थेत बोल्ट गच्च केला की रबर तिथेच धरलं जातं आणि गाडी खाली उतरल्यावर कायम पीळ बसलेलं राहतं. ते पीळ बसलेलं रबर गाडीला मऊ बसू देत नाही आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने लाव, गाडी चाकांवर उतरव, चार वेळा दाबून-हलवून बसू दे, मग आवळ. मेस्तरी घाईत असेल तरी त्याला थांबव. यासाठी कुणी राग मानला तर मानू दे.

शॉकअपची परीक्षा बंपर दाबून होत नाही, पिकअप तेवढी दबतच नाही. आठ-दहा किलोमीटर खराब रस्त्याने चालवून ये, उतर आणि चारी शॉकअपना हाताची मागची बाजू हळूच लावून बघ. जो काम करतो तो गरम होतो, कारण हेलकावा जिरवून त्याची उष्णता करणं हेच त्याचं काम आहे. तिन्ही कोमट आणि एक थंड असेल तर तो थंड मेलेला आहे. अंगावर तेलाची ओल आणि तिला चिकटलेली धूळ असेल तरीही मेलेला आहे. बदलताना एका एक्सलची जोडी बदल. आणि तुझ्याच मॉडेलचे, कंपनीच्या मापाचे घे. ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले जास्त कडक शॉकअप रिकाम्या गाडीत लहान खड्ड्याला दबू देत नाहीत. शॉकअपच्या वरच्या-खालच्या रबरी चकत्याही त्याच वेळी नव्या टाक. अर्धी खडखड तिथलीच असते.

पुढे कमान आहे की टॉर्शन बार, ते मॉडेलप्रमाणे बदलतं, वाकून बघ. कमान असेल तर वर सांगितलं तेच सगळं पुढेही कर. टॉर्शन बार असेल तर बघ की आधीच्या मालकाने बोल्ट आवळून पुढचा भाग उंच केलाय का. उंच केलेली गाडी दिसायला रुबाबदार असते पण वरच्या बाजूचा थांबा लगेच गाठते आणि प्रत्येक खड्ड्याला ठणकते. पुस्तकातल्या उंचीवर आण आणि मग अलाइनमेंट करून घे.

केबिन चासीवर रबरांवर बसलेली असते. ती रबरं इतक्या वर्षांत चपटी होतात, ती बदलून घे. सीटचा फोम बसला असेल तर गादीवाल्याकडून खाली घट्ट आणि वर मऊ असे दोन थर करून घे, नुसता मऊ फोम वर्षाच्या आत पुन्हा लोखंडाला टेकवतो. फाळक्याच्या कड्यांत जुन्या ट्यूबची पट्टी घातलीस की आवाज निम्मा होईल.

रिकाम्या परतीचा इलाज म्हणजे थोडं वजन. वाळूच्या तीन-चार गोण्या, तोंड घट्ट शिवलेल्या, मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेव. फाळक्याजवळ ठेवशील तर पुढचं चाक हलकं होईल आणि स्टिअरिंग तरंगेल. दोरीने बांध. दगड किंवा लोखंडाचे तुकडे सुटे ठेवू नकोस, ब्रेक मारला की ते काच फोडून केबिनमध्ये येतात. डिझेल थोडं जास्त जाईल, ते कंबरेपुढे काही नाही. माल भरायला लागलास की गोण्या उतरव, आरसी बुकावर लिहिलेल्या वजनात त्याही धरल्या जातात.

पपई वाहताना यातलं सगळं दुप्पट महत्त्वाचं आहे. मिरची पथारीवर पसरायची असते, ती पोत्यात थोडी दबली तरी चालते. पपईला हौद्यात बसलेला दणका त्या दिवशी दिसत नाही. फळ कागदात गुंडाळून ट्रकमध्ये चढतं, उत्तरेकडच्या बाजारात पोचून पिकायला लागतं आणि मग जिथे मार बसला तिथे काळा डाग पडतो. तो डाग तिकडचा व्यापारी पुढच्या भावात धरतो आणि इथल्या शेतकऱ्याच्या पदरात घालतो. म्हणून पपईला हौद्याच्या तळाशी उसाच्या पाचटाचा किंवा गव्हाच्या काडाचा जाड थर टाक, बाजूंना जुनी पोती बांध, आणि थर फार उंच रचू नकोस, खालच्या फळावर वरच्यांचा भार पडतो. शेतातून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नकोस. दत्तजयंतीला कुणी सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा घरी न्यायला गाडी मागितली तरी हीच चाल ठेव. घोडा पूर्ण रस्ता उभा असतो, प्रत्येक दणका त्याच्या पायांवर येतो. खाली रबरी मॅट आणि वर पाचट घाल, आणि वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात नाही.

गतिरोधक आणि खड्ड्यांच्या बाबतीतही ब्रेकचं तेच आहे. ब्रेक आधी मार आणि चाक चढायच्या क्षणी पाय काढून घे. ब्रेक दाबलेला असताना गाडीचा पुढचा भाग आधीच खाली बसलेला असतो, पुढच्या कमानीला दबायला जागा उरत नाही आणि मग तिथे मार बसतो. तुझं हे चुकतं, मी बाजूला बसून पाहिलंय. ही एक सवय लागली तर वहिनींना फरक लगेच कळेल.

कमान उतरवून परत बसवशील तेव्हा यू-बोल्ट नवे घे, जुन्यांची आटी ताणलेली असते. कमानवाला ते गच्च आवळून देईल, पण पहिला भरलेला फेरा झाला की पाटे एकमेकांवर नीट बसतात आणि तेच यू-बोल्ट सैल होतात. सैल यू-बोल्टनेच सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल सरकतो. म्हणून यार्डातून रिकामा होऊन आलास की लगेच मोठा पान्हा आणि पाइप घेऊन चारी यू-बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळ. आठवड्याने एकदा परत, आणि पुढे दर पावसाळ्यानंतर. पान्हा माझ्याकडे आहे, घेऊन जा.